याकोबाची उशी

अहिल्यानगर,
रविवार, उपासनेनंतर

चि. पोरी,


तुझा मेसेज मिळाला. एवढं लांबलचक मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलंस, म्हणजे राग चांगलाच तापलेला होता. मला अंगठ्यानं लिहिणं जमत नाही म्हणून कागद घेतला. तुझा आतेभाऊ फोटो काढून आजच पाठवील, मूळ कागद टपालानं येईल.

आधी त्या भांडणाचं. पाण्याचा टँकर पाच दिवस आला नाही, मंठ्याकडची तुझी एसटी चुकली, शाळेची माहिती भरताना सर्व्हर बसला, मुलाला ताप. आणि अशा दिवशी संध्याकाळी महिला मंडळात एका बाईंनी तुला सांगितलं, की प्रत्येक त्रासात देवाचा आशीर्वाद दडलेला असतो, तू स्तुती कर. त्यावर तू म्हणालीस, ‘मग तो आशीर्वाद तुम्हीच घ्या आणि माझे हंडे पण तुम्हीच उचला.’ आता तुला वाटतंय की आत्या रागावेल. बोलणं उद्धट होतं, त्या बाई वयानं मोठ्या आहेत, तेव्हा पुढच्या रविवारी त्यांना आपणहून सलाम कर. पण मुद्दा तुझाच खरा होता. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हंड्याला आशीर्वाद म्हणायला काही लागत नाही. नोकरीत असताना वॉर्डात मी हे फार ऐकलं. खाटेवर माणूस विव्हळतोय आणि भेटायला आलेला नातेवाईक हातातली केळी खाली ठेवायच्या आत म्हणतो, ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ असेलही, पण ती सांगायचं काम त्या केळीवाल्याकडे कुणी दिलं?

तू विचारलंस, तक्रार करणं पाप आहे का. स्तोत्रसंहिता उघड आणि दीडशे स्तोत्रांत रडणारी, भांडणारी, ‘किती काळ?’ असं देवाला विचारणारी किती आहेत ते तूच बघ. आपण उपासनेत तेविसावं म्हणतो, शंभरावं म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवं कुणी म्हणायला लावत नाही, कारण ते अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि प्रार्थना म्हणूनच आहे. आता तू म्हणशील, रानात इस्राएल लोकांनी मान्न्याबद्दल कुरकुर केली तेव्हा देव रागावला होता की. रागावला होता. पण ते लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत होते, आणि त्यांना परत मिसरात, गुलामीत जायचं होतं, कारण तिथं काकड्या आणि कांदे मिळायचे. स्तोत्रकर्ता भांडतो ते देवाच्या तोंडावर. त्यामुळे तू भांड, फक्त त्याच्याशी भांड. महिला मंडळाला मध्ये घेऊ नकोस.

मग दररोजच्या त्रासात आशीर्वाद असतो का? मी असतो म्हणते. पण त्या बाई म्हणाल्या तसा नाही, आणि हे तुला जालन्यात राहूनच कळेल असं मला वाटतं. लग्न होऊन पुण्याहून तू तिथं गेलीस तेव्हा तुला शहराची ओळख सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या अशीच करून दिली असणार. म्हातारी माणसं ‘जालना सोने का पालना’ म्हणतात, ते ऐकून तू कपाळाला हात लावला असशील. पण आपली ओळख बेथेलची आहे. शहराबाहेरचं ते गाव तू अजून पाहिलेलं नाहीस, हे मला तुझ्या मेसेजवरून दिसलं.

ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. मुंबईत शिकलेला ब्राह्मण मुलगा, 1843 साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत अजून पोरसवदा होता, तोही मोठ्या भावाच्या मागे मिशनरींकडे गेला. आईबाप कोर्टात गेले. कोर्टानं श्रीपतला घरी पाठवलं. घरी आला तर जात त्याला आत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली, की प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा वाद पेटला आणि शास्त्रीबुवांनाच ऐकून घ्यावं लागलं. जिवाभावाचा भाऊ इकडचाही नाही नि तिकडचाही नाही असा झालेला नारायणरावांनी पाहिला. या गोष्टीला कुणी आशीर्वाद म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. मीही म्हणणार नाही.

पुढं 1860च्या दशकात ते जालन्यात आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, इंग्रजांची छावणी असलेलं ठाणं. त्यांच्या मागे आले ते कोण? मांगवाड्यातली, महारवाड्यातली माणसं. आपली माणसं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून नारायणरावांनी त्यांना वसवलं आणि गावाला नाव दिलं बेथेल. न्यूयॉर्कला 1873 साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांची परिषद भरली तेव्हा हा पागोटंवाला माणूस जालन्याच्या कामाची हकीगत सांगायला तिथं उभा होता.

नाव कुठून घेतलं ते तुला ठाऊक आहे. तरी उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय आज रात्री पुन्हा वाच, आणि याकोब त्या जागी कशासाठी गेला होता ते बघ. तो कशासाठीही गेला नव्हता. भावाला फसवून, त्याच्या भीतीनं पळत निघाला होता. वाटेत सूर्य मावळला म्हणून अडकला. ना सराई, ना ओळखीचं घर. उशाला दगड. ती जागा त्यानं निवडली नव्हती आणि उजाडताच तिथून निघायचं त्याच्या मनात होतं. स्वर्गाला लागलेली शिडी त्याला दिसली ती तिथं. सकाळी उठून तो घाबरून म्हणतो, की परमेश्वर इथं आहे हे मला माहीतच नव्हतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट आवडते. एवढं दर्शन झाल्यावरही याकोब देवाशी व्यवहारच करतो. म्हणतो, मला खायला भाकरी दे, ल्यायला वस्त्र दे, घरी सुखरूप ने, मग तू माझा देव. व्यापारी पेठेत शोभेल असा माणूस. देवानं तो व्यवहारही मनावर घेतला नाही, पुढं वर्षानुवर्षं त्याला सांभाळलं.

दगड मऊ झाल्याचं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. देव तिथं होता, एवढंच लिहिलंय. त्या बाईंनी दगडालाच गादी म्हणायला सांगितलं, म्हणून तू भडकलीस. मी तुला दगडाला दगडच म्हण असं सांगते, फक्त त्या मुक्कामात आणखी कोण आहे ते बघ.

आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत ते असं. बेथेलला येण्याआधी आपली पणजी-खापरपणजी पाण्याला जायची तेव्हा विहिरीपासून लांब, खाली बसून राहायची. वरच्या जातीचं कुणी येईल, त्याच्या मनात आलं तर आपल्या पोहऱ्यातून तिच्या घागरीत वरून ओतील. कधी दुपार व्हायची. कधी रिकामी घागर घेऊन परतायची. बेथेलच्या विहिरीत तिनं स्वतःच्या हातानं दोर सोडला, तेव्हा म्हणे ती पाणी भरायचं विसरून नुसती काठावर उभी राहिली. तुझ्या आजोबांनी हे मला सांगितलं, त्यांना त्यांच्या आईनं.

हे तुला गप्प करण्यासाठी सांगत नाही. ‘त्यांनी किती सोसलं, तुला काय झालं?’ हा दाखला मला मुळीच आवडत नाही. तिनं सोसलं म्हणून टँकर पाच दिवसांनी यावा असं कुठं आहे? सांगायचं ते एवढंच, की टँकरच्या रांगेत तू उभी असतेस तेव्हा तुझ्या पुढं कोण असतं, मागं कोण असतं ते नीट बघ. आडनावं विचारून बघ. खापरपणजीला ज्यांच्या विहिरीकडे मान वर करता आली नसती त्यांच्या नाती-पणत्या तुझ्या मागच्या नंबरला उभ्या असतील, आणि तू एखादीचा हंडा तिच्या कमरेवर चढवून देत असशील. पाण्याची टंचाई वाईटच. पण त्या रांगेत काहीतरी घडतंय, आणि ते घडावं म्हणून कुणीतरी फार वर्षं खपलंय.

शोमरोनी बाईची गोष्टही पाण्याचीच आहे. योहानाचा चौथा अध्याय. भर दुपारी, दमलेला प्रभू विहिरीवर बसलाय, तहान लागलीय आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. पोहरा नसलेला देव! आणि मागतो कुणाकडे, तर जिच्या भांड्याला यहुदी हात लावत नसत तिच्याकडे. त्या दुपारी शिष्य भाकरी आणायला गावात गेले होते. ते असते तर त्यांनीच पाणी काढून दिलं असतं आणि त्या बाईशी बोलणं झालंच नसतं. रोजची कटकट, रोजची घागर, तिथंच ते सगळं झालं.

आता मोसंबीचं, कारण तुझ्या पाळकांनी मोसंबीचा दाखला दिला असं तू लिहिलंस. जालना जिल्ह्यातल्या पाळकाला तो दाखला सुचतोच, आणि दाखला वाईट नाही. मोसंबीला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं. भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. पानं पिवळी पडतात, काही गळतात, बाग बघवत नाही. मग बेतानं हलकं पाणी सोडून ताण तोडायचा, खत द्यायचं, की झाड फुलानं भरून जातं. तसा देव आपल्याला ताण देतो, हा उपदेश. मी तो दहा पाळकांच्या तोंडून ऐकला असेल.

पण 2012-13 साली मी जालन्यातच होते. तेव्हा शेतकऱ्यानं पाणी तोडलं नव्हतं, पाणीच नव्हतं. विकतचे टँकर घालून लोकांनी बागा धरून ठेवल्या, पैसे संपले तेव्हा सोडून दिल्या. अंबड-घनसावंगीकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेली मोसंबी दिसायची, आणि बारा-पंधरा वर्षं पोरासारखी वाढवलेली झाडं माणसं स्वतः तोडत होती. त्या वर्षी कुणा पाळकानं हा दाखला दिला असता तर मंडळीतले निम्मे शेतकरी उठून गेले असते. ताण वेगळा आणि दुष्काळ वेगळा, हे शेतकऱ्याला पक्कं कळतं. उपदेशकाला कळायला वेळ लागतो. तुझा चुकलेला टँकर, चुकलेली एसटी, बसलेला सर्व्हर हे ताणात मोडतं. मुलाचा ताप उतरलाय, देवाची दया. पण ज्या बाईचं पोर गेलंय तिच्यासमोर हा दाखला तू कधी देऊ नकोस, एवढं मला वचन दे.

आणि दाखला घ्यायचाच तर पुरा घे. लहान झाडाला कुणी ताण देत नाही, चार-पाच वर्षांचं होऊ देतात. आणि ताणावर सोडलेल्या बागेत शेतकरी रोज जातो. पाणी द्यायचं नसतं तरी जातो, पानं हातात घेऊन बघतो, माती चुरून बघतो, कारण एक आठवडा जास्त झाला तर झाड हातचं जाईल. बाहेरच्याला वाटतं, यानं बाग टाकून दिली. खरं तर एरवी वर्षात इतक्या वेळा तो झाडाजवळ जात नाही. पाळकांनी हा भाग सांगितला होता का? नसेल, तर पुढच्या वेळी तूच सांग.

त्याच दुष्काळातली दुसरी गोष्ट. घाणेवाडीचं तळं तू पाहिलं असशील, निजामाच्या काळात बांधलेलं, जालन्याला पाणी देणारं. वर्षानुवर्षं गाळ साठून ते उथळ झालं होतं. तळ्यात पाणी असताना गाळ कसा काढणार? तळ उघडा पडला तेव्हा शहरातले लोक पुढं आले, वर्गणी जमली, यंत्रं लागली, आणि शेतकऱ्यांनी तो काळाभोर गाळ ट्रॅक्टरनं आपापल्या रानात नेला. त्यात व्यापारी होते, कारखानदार होते, मारवाडी, गुजराती, मराठे, मुसलमान, सगळे. म्हणून दुष्काळ चांगला होता का? नाही. त्यानं बागा मारल्या. पण तळ उघडा पडलाच आहे तर घमेलं घेऊन खाली उतरायचं की काठावर उभं राहून आभाळाला नावं ठेवायची, हे माणसांच्या हातात होतं. ती बुद्धी देवानं दिली असं मी मानते. तुझं नवऱ्याशी यावर जमणार नाही, तो म्हणेल ती नागरिकांची बुद्धी. म्हणू दे. गाळ निघाला हे दोघांनाही कबूल आहे.

एसटीबद्दल. ती बाई, जिनं चढताना तिच्या सात गाठोड्यांपायी तुझी गाडी चुकवली. मार्काचा पाचवा अध्याय. याइराची मुलगी मरायला टेकलीय, प्रभू निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावानं गांजलेली बाई त्याच्या वस्त्राला हात लावते. प्रभू थांबतो. ‘मला कोणी शिवलं?’ म्हणून विचारत बसतो. त्या वेळी याइराला काय वाटलं असेल? तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. मी ओपीडीत हे रोज बघायचे. सकाळपासून बसलेल्या माणसाचा नंबर यायचा आणि तेवढ्यात साप चावलेलं पोर उचलून आणायचे. रांगेतला माणूस आमच्यावर ओरडायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं, त्यालाही दुखत होतं. त्याचा खोळंबा म्हणजे त्या पोराचा जीव होता, पण हे खोळंबलेल्याला सांगून पटत नाही. बघितलं तर पटतं. कधी कधी तोच ओरडणारा माणूस उठून स्ट्रेचरचं एक टोक धरायचा. आपला खोळंबा दर वेळी कुणाच्या तरी आशीर्वादासाठी असतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा तो नुसता गलथानपणा असतो. पण कधी तरी असतो, म्हणून ओरडण्याआधी मान वळवून बघायची.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडं आहे ना? नसेल तर माझी घेऊन जा. रेव्हरंड टिळक मोठे कवी, मोठे संत, आणि घर चालवायला अशक्य माणूस. घरातला पैसा आला तसा दुसऱ्याच्या हातात जायचा. ते ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई, सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, त्यांना सोडून राहिल्या, पुढं काही वर्षांनी इथं नगरला त्यांच्याकडे आल्या. त्या पुस्तकात पानोपानी वैताग आहे, पण कुठंही ‘यातून देवानं मला अमुक शिकवलं’ असं भाषण नाही. त्या हसतात. नवऱ्याला हसतात, स्वतःला त्याहून जास्त हसतात. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं नेऊन लिहितात. उपदेशाच्या शंभर पुस्तकांपेक्षा मला ते हसणं जास्त ख्रिस्ती वाटतं. तू वैतागलीस की तुझ्यातला विनोद आधी मरतो, आणि विनोद तर आपल्या घराचा वारसा. त्याला जरा पाणी घाल.

तू म्हणालीस, मला काहीतरी करायला सांग, नुसतं सांगू नकोस. तर रात्री कुटुंब उपासनेत आशीर्वादांची यादी करू नकोस. ती लवकरच पाठ होते आणि मग ‘अन्न, वस्त्र, निवारा’ म्हणून उरकली जाते. त्याऐवजी जेवताना एकमेकांना एवढंच विचारा, आज कुठं अडकलात आणि तिथं कोण भेटलं. कुणीच भेटलं नाही असंही उत्तर येईल, ते खोटं करू नका. जावईबापूंना पण विचार, ते बोलत नाहीत म्हणून सोडू नकोस. कारखान्यात पाळी बदलताना माणूस किती जणांना भेटतो!

एखाद्या रविवारी त्या महिला मंडळाच्या बाईंना घेऊन बेथेलला जा. हो, त्यांनाच. त्यांचंही माहेर तिथलं असण्याची बरीच शक्यता आहे, आणि दुसऱ्याला स्तुती करायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःला काय सोसावं लागलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. त्यांच्याकडून कळलं तर मला लिही.

आणि टँकरचं देवावर सोडून बसू नकोस. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या घेऊन अर्ज लिही. तारखा घाल, कुठल्या दिवशी आला, कुठल्या दिवशी नाही. भाषा सौम्य ठेव, ‘हंडे तुम्हीच उचला’ हे त्यात नको. दोन प्रती कर, एक देताना दुसरीवर तारखेसह पोच घे. मसुदा आधी मला पाठव, मी शुद्धलेखन बघून देते.

तुझी,
आत्या